‘मुक्त अवकाश’ नको, बिनतारी प्रकाशदुवा म्हणा

प्रश्न असा आलाय की मोबाइलचे टॉवर एकमेकांना जोडायला हवेतून लेझर सोडतात, ते फ्री-स्पेस ऑप्टिकल कम्युनिकेशन, त्याला ‘मुक्त अवकाश प्रकाशीय संप्रेषण’ म्हटलेलं चालेल का. माझ्या मते नाही, निदान बोलताना तरी नाहीच. अवकाश म्हटलं की एकतर इस्रो आठवते नाहीतर ‘लग्नाला अजून अवकाश आहे’ मधला अवकाश, आणि इथे प्रकरण एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर चाललेलं असतं. भौतिकशास्त्रात फ्री स्पेस म्हणजे निर्वात पोकळी, तेही इथे बसत नाही, कारण हा प्रकाश साध्या हवेतूनच जातो, धूळधुक्यासकट. ‘फ्री’ एवढ्याचसाठी की तो काचेच्या तंतूत कोंडलेला नाही.

मग ‘बिनतारी’ हा आपला जुना शब्द काय वाईट आहे? पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग सगळ्यांना माहितीये. यावर काहीजण म्हणतात की बिनतारी म्हणजे रेडिओ, आणि हा रेडिओ नाही. दुसरा भाग खराय, रेडिओ लहरींची आंतरराष्ट्रीय व्याख्या ३००० गिगाहर्ट्झला संपते आणि इथे जो १५५० नॅनोमीटरचा लेझर सर्रास वापरतात तो साधारण १,९३,००० गिगाहर्ट्झवर असतो, म्हणूनच तर बहुतेक ठिकाणी याला स्पेक्ट्रमचं लायसन लागत नाही. पण बिनतारी हा शब्द तार नाही एवढंच सांगतो, रेडिओचं नावही काढत नाही, त्यामुळे आक्षेप टिकत नाही. शिवाय टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८० साली, म्हणजे टेलिफोनच्या पेटंटनंतर चारच वर्षांनी, वॉशिंग्टनमधे आरशावरच्या उन्हाच्या थरथरीतून २१३ मीटरवर आवाज पोचवला होता, ते फोटोफोन प्रकरण बिनतारीच की! रेडिओवरून बोलणं तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

आता बीम. ‘प्रकाशझोत’ पटकन सुचतो पण झोत म्हणजे टॉर्चसारखा पसरणारा, आणि इथे सगळा खेळ न पसरण्याचा आहे. ‘शलाका’ चांगला शब्द आहे, बारीकपणा त्यात आपोआप येतो. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट, तिच्या तारा प्रकल्पाने (बिनतारी कामाला नाव तारा, मराठी माणसाला हसू येणारच) २०२१ मधे काँगो नदीच्या दोन काठांवरची ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही शहरं अशीच जोडली. मधे अंतर पाचेक किलोमीटर, पण नदी खोल आणि ओढ जबरदस्त, त्यामुळे फायबर ४०० किलोमीटरहून जास्त वळसा घालून न्यावी लागते. शलाकेने २० दिवसांत जवळपास ७०० टेराबाइट डेटा पलीकडे नेला. एवढी बारीक शलाका पलीकडच्या छोट्याशा काचेवर नेमकी पडायला हवी आणि टॉवर तर वाऱ्याने हलतो, म्हणून आतले आरसे सतत नेम धरत बसतात. ‘लाइन ऑफ साइट’ला दृष्टिरेषा म्हणतात ते ठीक, पण ‘नजरेच्या टप्प्यात’ म्हटलं की कुणालाही कळतं.

आणि हो, याचा खरा वैरी पाऊस नाही, धुकं. धुक्याचे थेंब इतके बारीक आणि इतके दाट असतात की प्रकाश विखरून जातो, पावसाचे थेंब मोठे पण विरळ, त्यातून बऱ्यापैकी निभावतं. टॉवर जोडायला उंच फ्रिक्वेन्सीच्या मायक्रोवेव्ह रेडिओ लहरीही वापरतात, त्यांचं बरोबर उलटं, त्यांना पाऊस नडतो आणि धुकं फारसं नाही, म्हणून कुठेकुठे दोन्ही जोडीने बसवतात. जुलैत महाबळेश्वरला नुसत्या लेझरवर भिस्त ठेवलीत तर कठीण आहे.

तर जोडणीला ‘बिनतारी प्रकाशदुवा’, तंत्राला ‘बिनतारी प्रकाशसंदेशवहन’. दुसरा जरा लांबलाय, कबूल, पण कळतो. ‘दोन टॉवरमधे प्रकाशदुवा टाकलाय’ हे वाक्य कुठेही खपेल. बॅकहॉलला, म्हणजे टॉवरपासून मुख्य नेटवर्कपर्यंतच्या जोडणीला, मात्र मी हात लावणार नाही, टॉवरवर चढणारी पोरं बॅकहॉलच म्हणतात.