काय बोलू कळत नाही, म्हणून भेटायलाच जात नाही

मित्राची बायको जाते, कुणाचा तरणा मुलगा जातो. तेरावं होईपर्यंत माणूस रोज जातो आणि नंतर तिकडे फिरकतच नाही. कारण विचारलं तर, "मॅडम, त्याच्यासमोर बसून बोलू काय?" जळगावात समुपदेशन करताना हे मी किती पुरुषांकडून ऐकलं असेल!

अमळनेरकडचे एक शिक्षक हेच घेऊन आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बालमित्राची पत्नी दिवाळीआधी गेली. तेव्हापासून फोन नाही, भेट नाही. झोप मात्र यांची उडालेली.

"भेटलात तर काय होईल?"
"चुकीचं बोलून जाईन. तो रडेल."
"रडला तर?"
बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मला त्याला सावरता येणार नाही."

गाठ इथे होती. माझ्या शब्दांनी त्याचं दुःख हलकं झालंच पाहिजे, असा भार सरांनी स्वतःवर घेतला होता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्ट जास्त छळतो, हे मी रोज पाहते. तो हट्ट ढिला व्हायला काही भेटी गेल्या. मग विचारलं, "पूर्वी दोघं मिळून काय करायचात?"

"पक्षी बघायचो. हतनूर धरणावर."

त्यांना म्हटलं, 'काही लागलं तर सांग' असं म्हणू नका. वार आणि वेळ सांगा, घ्यायला जा. आणि दुर्बीण एकच न्या.

शनिवारी दोघं भुसावळला पाहुण्यांकडे उतरले. हतनूरचा फुगवटा पार चांगदेवपर्यंत, तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत जातो. हिवाळ्यात तिथे हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, तलवार बदकं, चक्रवाक येतात. पहिला दिवस जवळजवळ न बोलता गेला. दुर्बीण इकडून तिकडे फिरत राहिली.

रविवारी सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसले असताना काठावर चक्रवाकांची जोडी उतरली. विटकरी अंग, फिकट डोकं. रात्री ही जोडी ताटातूट होऊन दोन तीरांवरून एकमेकांना साद घालते, ही समजूत दोघांनाही ठाऊक. सरांच्या पोटात गोळा आला. विषय बदलावा, पलीकडचं बदक दाखवावं, असं झालं. पण ते गप्प बसले. मित्राने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. तशीच धरून म्हणाला, "तिले बी दखाडाले जोयजे व्हतं." तिलाही दाखवायला हवं होतं. आणि रडला. मग शेवटच्या महिन्यातल्या दवाखान्याच्या गोष्टी निघाल्या, त्या कितीतरी वेळ चालल्या.

"मी काहीच केलं नाही, मॅडम," सर म्हणाले. मला मनापासून आनंद झाला. हेच काहीच न करणं त्यांना जमत नव्हतं. समोरासमोर बसवून 'मन मोकळं कर' म्हटलं की पुरुष आणखी मिटतो. शेजारी बसून दोघांनी तिसऱ्याच गोष्टीकडे बघावं, शब्द त्याचे त्याला सापडतात. पक्षीच हवेत असं नाही. शेतातली चक्कर चालेल, केळीच्या बागेत पाणी भरणं चालेल.

मात्र मित्र जगणं नकोसं झाल्याचं बोलू लागला, किंवा कित्येक आठवडे जेवण-झोप सुटली, तर सोबतीवर भागवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, स्वतः बरोबर जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि रात्रीही लागतो.