शॉक लागला नाही, तरी भाजला कसा?

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड पास झाला. वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला अप्रेंटिसशिप मिळते आहे. पण गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतला एक मुलगा दुसऱ्या कंपनीत पॅनेलवर काम करताना तोंड आणि दोन्ही हात भाजून घरी आला. शॉक लागलाच नव्हता म्हणतात. माझा मुलगा म्हणतो, "रबरी हातमोजे घातले की काही होत नाही." त्याला दुसरी लाइन धरायला सांगू का? – एक आई, छत्रपती संभाजीनगर

ताई, नमस्कार.

लाइन बदलायला सांगू नका. पण हाच कारखाना धरायचा का, हे मात्र तिथे काम कसं चालतं ते बघून ठरवा. आणि हातमोज्यांबद्दल तुमचा मुलगा जे म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

तुमच्या गल्लीतल्या मुलाला झालं ते बहुधा आर्क फ्लॅश असावं. पॅनेलच्या, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या लोखंडी कपाटाच्या आत तीन फेजच्या तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे बसबार, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर असतात. हातातून पाना निसटून दोन पट्ट्यांवर आडवा पडला, एखादा जोड सैल राहून तापत गेला, धूळ आणि ओल साचली, पाल किंवा उंदीर आत शिरला, तर वीज सरळ हवेतून धावू लागते, हाच आर्क. त्या ठिकाणचं तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. धातूची वाफ होते, ती हजारो पटींनी फुगते आणि स्फोट होतो. दार उखडतं, वितळलेल्या धातूचे थेंब उडतात, कानठळ्या बसतात. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. माणसाच्या अंगातून वीज गेलेलीच नसते, तो भाजतो तो निव्वळ उष्णतेनं. १९८२ साली अमेरिकेत राल्फ ली या अभियंत्यानं या भाजण्याचं गणित मांडलं, तोवर विजेचा धोका म्हणजे शॉक, एवढंच धरून चालत असत. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजूनही तसंच धरतात.

रबरी हातमोजे शॉकपासून वाचवतात. ते हवेतच, पण चेहरा, मान, छाती उघडीच राहते. त्यात अंगात पॉलिस्टरचा शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल जाते. म्हणून पॅनेलवर काम करणाऱ्याच्या अंगावर आर्कसाठी तपासलेला सूट आणि तोंडावर त्याच दर्जाची ढाल लागते. साधा सुती शर्ट वितळत नाही, पण पेटू शकतो. त्याला सूट समजू नये. अंगठी, गळ्यातली चेन, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ घरीच ठेवायचं.

आता मुलासाठी खास. "४१५ व्होल्टच तर आहे, ११ केव्ही थोडंच आहे," हे वाक्य त्याला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. त्यावर विश्वास ठेवू नकोस, बाळा. १,००० केव्हीएचा साधा ट्रान्सफॉर्मर घे. ४१५ व्होल्टच्या बाजूला त्याचा पूर्ण भार सुमारे १,३९० अँपिअर. इम्पीडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा अडथळा, ५ टक्के असेल तर शॉर्ट झाल्यावर साधारण २८,००० अँपिअर वाहू शकतात. आर्कमधला करंट याहून कमी असतो आणि खरी गोम तिथेच आहे. करंट कमी भरला, की ब्रेकर, म्हणजे बिघाड झाल्यावर वीज तोडणारा स्विच, उशिरा पडतो. ट्रान्सफॉर्मर आणि मेन ब्रेकर यांच्या मधल्या भागात आर्क झाला, तर तो तोडायचं काम एचटीच्या, म्हणजे उच्च दाबाच्या बाजूच्या रिलेवर (बिघाड ओळखून ब्रेकरला पडायचा इशारा देणाऱ्या उपकरणावर) येतं आणि त्याला आणखी वेळ लागतो. तव्याला बोट लागून लगेच उचललं तर चटका बसतो, ठेवून दिलं तर फोड येतो. इथेही वेळेचाच प्रश्न आहे. ब्रेकर ०.१ सेकंदात पडला की एक सेकंदानं, यावर अंगावर येणारी उष्णता साधारण दहापट बदलते. दर चौरस सेंटीमीटरला १.२ कॅलरी ही कातडीवर फोड येण्याची सीमा मानतात. मोठ्या मेन पॅनेलसमोर अंगावर येणारी उष्णता याहून कित्येक पटींनी जास्त निघू शकते.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे वीज बंद करून काम करणं. शटडाऊन घ्यायचं, ब्रेकर बाहेर काढून त्यावर स्वतःचं कुलूप आणि टॅग लावायचा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, वीज खरंच गेली का ते मीटरनं तपासायचं, मग अर्थिंग लावायचं. तपासण्याआधी आणि नंतर तोच मीटर एखाद्या चालू पॉइंटवर लावून बघायचा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. आणि वीज नाही हे सिद्ध होईपर्यंत पॅनेल चालूच आहे असं समजायचं, म्हणजे तपासतानाही सूट अंगात हवा. ब्रेकर चालू-बंद करताना किंवा आत-बाहेर सरकवताना दार लावलेलं हवं आणि आपण समोर न राहता बाजूला उभं राहायचं. बाकी उपाय कारखान्यानं करायचे असतात : रिलेचं सेटिंग नीट करणं, प्रकाश दिसताच ट्रिप देणारे आर्क सेन्सर बसवणं, ब्रेकर दुरून सरकवण्याची सोय.

तेव्हा रुजू होण्याआधी त्यानं मेंटेनन्सच्या साहेबांना नम्रपणे विचारावं : पॅनेलचं काम शटडाऊन घेऊन होतं की चालू लाइनवर? कुलूप-टॅग प्रत्येकाला स्वतःचं मिळतं का? आर्क सूट आहे का, आणि तो कपाटात आहे की वापरात? पॅनेलवर उष्णतेचा आकडा सांगणारं लेबल आहे का? "आमच्याकडे असलं काही लागत नाही, पोरं तयार आहेत," असं उत्तर आलं, तर तिथे जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. लेबल नसेल पण शटडाऊनची शिस्त कडक असेल, तर जायला हरकत नाही.

एक कायदा त्याला पाठ हवा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार, त्यासाठी नेमलेल्या माणसाखेरीज कोणी चालू लाइनवर काम करायचं नाही, आणि तसं काम करणाऱ्याला मदतही करायची नाही. अप्रेंटिसला "नुसती बॅटरी धर" म्हणून पॅनेलसमोर उभं करतात, ते यात बसत नाही. अशा वेळी "साहेब, माझी नेमणूक नाही," एवढं म्हणायला त्यानं लाजू नये.

पुढचंही सांगते. हा धोका कमी करणं हेच आता एक करिअर आहे. रिले टेस्टिंग करणारे, आयईईई १५८४ या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेल्या पद्धतीनं आर्क फ्लॅशची गणितं करून लेबलं तयार करणारे अभियंते कारखान्यांना लागतात. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा आणि अनुभव झाल्यावर औद्योगिक सुरक्षेचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा करता येतो; मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत तो चालतो. माझं मत विचाराल तर आधी अप्रेंटिसशिप, मग डिप्लोमा. ज्यानं पॅनेल उघडून पाहिलंय, त्याला ही गणितं लवकर उमगतात.

शेवटी कागदाचं. अप्रेंटिसशिपचा करार नोंदवलेला आहे का ते बघा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा. १९६१च्या अप्रेंटिस कायद्यानुसार प्रशिक्षणाच्या कामात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. पण हक्क सांगताना पहिला मागितला जातो तो हाच कागद. गल्लीतल्या त्या मुलाचाही असा करार होता का, त्याच्या आईवडिलांना विचारून बघा. असेल तर त्यांना मला लिहायला सांगा.