भौमितिक अमूर्त मुद्राचित्रात रंग, रचना आणि लय यांपैकी आधी काय ठरवावे?

स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून (स्क्रीनमधून) शाई दाबून, पट्टे आणि चौकोन छापताना आधी काय ठरवावे, आणि मोजमाप काटेकोर असूनही छाप निर्जीव का दिसते, असे आपण विचारले आहे. मी नागपुरात याच माध्यमात काम करते. माझ्या मते आधी रेखाटन पक्के करून मग त्यात रंग भरण्याचा क्रमच बहुतेक वेळा घात करतो. पट्टीने मोजलेली रुंदी आणि डोळ्याला भासणारी रुंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काळ्यावरचा फिकट पिवळा पट्टा हा पांढऱ्यावरच्या तेवढ्याच काळ्या पट्ट्यापेक्षा रुंद भासतो. म्हणजे रंग बदलला की अंतरे बदलतात आणि अंतरांबरोबर लयही बदलते. म्हणून रुंदी कच्ची ठेवून, रंगीत कागदाचे कपटे शेजारी शेजारी मांडून पाहावेत आणि त्यानंतरच फिल्म (जाळीवर आकार उतरवण्यासाठीचा पारदर्शक नमुना) काढावी.

जर्मनीत जन्मलेले अमेरिकन चित्रकार योसेफ आल्बर्स यांनी 1950 मध्ये सुरू केलेली ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही मालिका या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिच्यातील चार चौकोनांच्या मांडणीत सर्वांत बाहेरच्या चौकोनाची बाजू 10 एकक धरली, तर आतले चौकोन 8, 6 आणि 4 एककांचे येतात. मात्र ते मध्यावर बसवलेले नाहीत : प्रत्येक पायरीला खाली अर्धा, दोन्ही बाजूंना एकेक आणि वर दीड एकक जागा सुटते. 1:2:3 या प्रमाणामुळे सगळा भार खाली येतो आणि डोळा मधोमध अडकून न पडता खालच्या अरुंद पट्ट्यांकडून वरच्या रुंद पट्ट्यांकडे सरकत राहतो. रचना एवढी ठरलेली असल्यामुळेच रंगाला मोकळीक मिळते. तोच आतला चौकोन एका चित्रात पुढे येतो, तर दुसऱ्यात खोल जातो. त्यांच्या 1963 सालच्या ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ या ग्रंथासाठी रंगाभ्यासाचे तक्ते स्क्रीनने छापले गेले, आणि ती निवड मला योग्य वाटते, कारण कुंचल्याची खूण न उमटता सपाट, एकसारखा रंग देण्याची ताकद या तंत्रात आहे.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी 1939 ते 1943 या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण घेतले, हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. त्यांच्या बिंदूच्या चित्रांत बहुधा नेमके उलट घडते : एकात एक वर्तुळे नजरेला केंद्राकडे ओढतात आणि तिथेच थांबवतात. या चित्रांच्या सेरिग्राफ (स्क्रीनने छापलेल्या) आवृत्त्या देखण्या असल्या तरी तेथे विचार चित्राचा आहे आणि छपाई त्याच्या मागून आलेली आहे, हा फरक लक्षात ठेवावा.

मुद्राचित्राची स्वतःची रचना थरांतून उभी राहते. पिवळा, तांबडा आणि निळा हे तीन पारदर्शक रंग एकमेकांवर अंशतः छापले, तर तीन सुटे, तीन जोडीचे आणि एक तिघांचा असे सात रंग तीन स्क्रीनमधून मिळतात. कोरा कागद हा आठवा. हे आठही रंग एकाच कुटुंबातले असल्याने चित्र आपोआप बांधले जाते. आपण प्रत्येक पट्ट्याला वेगळी अपारदर्शक शाई वापरली असेल, तर कोरडेपणाचे एक कारण तेच असावे.

आता लय. समान पट्टा, समान फट, पुन्हा पट्टा, असे चालू राहिले की गादीच्या खोळीचे कापड तयार होते. त्यावर रुंदीत उगाच वेडेवाकडे फेरफार करण्याचा उपाय मला पटत नाही. रुंदी तीच ठेवून रंगांच्या पुनरागमनाचे अंतर बदलावे : तांबडा तीन पट्ट्यांनी आला, मग पाच, मग दोन, तर डोळा त्याची वाट पाहू लागतो. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांनी इजिप्तच्या प्रवासानंतर मोजक्या रंगांच्या उभ्या पट्ट्यांतून हेच काम फार वरच्या दर्जाने केले. याउलट अलिगढला गणित शिकलेल्या मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचा 1999 मधला 36 काष्ठठशांचा (लाकडात कोरून छापलेल्या चित्रांचा) ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ हा संच काळ्या रेषा आणि कोरी जागा एवढ्यावरच उभा आहे. रंगाविना लय कशी राहते, हे त्यात दिसते.

राहिला प्रश्न कडांचा, आणि तो आपल्या हवेशी निगडित आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की पाण्यावर आधारलेली शाई जाळीतच सुकते. कूलर लावला तर शाई टिकते, पण कागद दमट होऊन ग्रेनच्या (कागदातील तंतूंच्या दिशेच्या) आडव्या दिशेने फुगतो आणि दुसऱ्या रंगाला पांढरी फट दिसू लागते. त्यासाठी अर्धा मिलिमीटर रंग एकमेकांवर चढवावा, पण शाई पारदर्शक असेल तर तिथे गडद रेघ उमटते, आणि ती रेघही रचनेत धरावी लागते. सगळा कागद आदल्या रात्रीपासून छपाईच्याच खोलीत पसरून ठेवावा, आणि कडेला कडा भिडवण्याचा आग्रह असेल तर ते काम दिवाळीनंतरच हाती घ्यावे.