तुमचा प्रश्न, वकील ताईंचं उत्तर : दुसऱ्याच्या चुकीने आपल्याला इजा झाली तर

प्रश्न : ताई नमस्कार, मी रावेर तालुक्यातून लिहितेय. माझे मिस्टर ३८ वर्षांचे, केळीच्या टोळीत घड वाहायचं काम करतात. महिन्याभरापूर्वी रात्री कामावरून येताना वाळूच्या डंपरने मागून उडवलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता खाली बसताच येत नाही. डंपरचा मालक दोनदा घरी आला, म्हणे ५० हजार घ्या आणि स्टँपवर सही करा, केस करून काय मिळणार. घरातले मोठे पण म्हणतात घेऊन टाक, कोर्टात चपला झिजतील. शिवाय त्या दिवशी गाडीवर तिघं होते आणि हेल्मेट नव्हतं, म्हणून आमचीच चूक धरतील का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक सांगते, त्या स्टँपवर सही करू नका. मालक आज दारात येतोय तो तुमच्या काळजीने येत नाहीये, केस झाली तर काय होईल हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये.

एफआयआर झाली नसेल तर उद्याच पोलीस स्टेशनला जा. अपघातानंतर ४८ तासांत पोलिसांनी पहिला रिपोर्ट द्यायचा असतो, त्याचीही चौकशी करा. मग एफआयआर, पंचनामा, दवाखान्याचे सगळे कागद आणि डंपरच्या इन्शुरन्सची कॉपी एका फाईलीत लावा, अगदी मेडिकलचं दीडशे रुपयांचं बिलसुद्धा फेकू नका. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स (म्हणजे त्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा) सक्तीचा आहे, त्यामुळे भरपाई बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून नाही तर विमा कंपनीकडून येते, म्हणजे "तो गरीब आहे, त्याचं घर बुडेल" असं कोणी म्हटलं तर त्यात पडू नका.

क्लेम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १६६. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथे अर्ज चालतो. मुदत सहा महिन्यांची आहे, ती सुप्रीम कोर्टात आव्हानाखाली आहे म्हणून मुदत उलटलेल्यांनीही विचारल्याशिवाय घरी बसू नये, पण तुमचा तर महिनाच झालाय, वेळ घालवू नका.

आता पैशाचं, कारण इथेच आपल्या माणसांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. सिव्हिल हॉस्पिटल सर्टिफिकेट देईल, समजा ३० टक्के अपंगत्व. विमा कंपनीचा वकील म्हणेल, कमाई पण ३० टक्केच गेली. तसं नसतं! २०१० च्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा गुडघा गेला तर त्याचा पगार चालू राहू शकतो, पण खांद्यावर घड घेऊन बागेतून ट्रकपर्यंत चालणाऱ्याचा गुडघा गेला तर त्याचं काय उरलं? नमुन्याला हिशोब सांगते. महिना १२ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार, ३८ वर्षांच्या माणसाला वयाप्रमाणे १५ चा गुणक लागतो, म्हणजे वर्षाची कमाई गुणिले १५, २१ लाख ६० हजार. त्याचे ३० टक्के ६ लाख ४८ हजार आणि कमाईची ताकद ८० टक्के गेली असं धरलं तर १७ लाख २८ हजार. दवाखान्याचा खर्च, वेदना, पुढची कमाईवाढ हे अजून वेगळं. म्हणून टोळीचा मुकादम, ज्याच्या बागेत काम केलं तो शेतकरी, यांची साक्ष घ्या की हा माणूस नेमकं काय काम करायचा आणि किती कमवायचा. पगारपत्रक नाही म्हणून घाबरू नका, मजुराकडे ते नसतं हे कोर्टाला माहितीये.

तिघं बसले होते एवढ्यावरून भरपाई कापता येत नाही. तिसरा बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे समोरच्याने दाखवावं लागतं, २०२० च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय. मागून धडक आहे आणि इजा गुडघ्याला आहे, मग हेल्मेटचा काय संबंध? (पण हेल्मेट घालत जा हो, जीव आधी.)

वकिलाची फी परवडत नसेल तर जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या. महिलांना आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

प्रश्न : मॅडम, धुळे शहरात पावसात पाणी साचलेल्या खड्ड्यात गाडी गेली, मनगट मोडलं. समोर कोणती गाडीच नव्हती मग कोणावर केस करू?

उत्तर : दादा, रस्ता ज्यांच्याकडे आहे त्यांच्यावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर ६ लाख आणि इजा झाली तर ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची कमिटी हे ठरवते, तर अर्ज तिकडे. खड्डा बुजवायच्या आत फोटो काढा, मागे दुकान किंवा खांब दिसेल असा, आणि दवाखान्यात "खड्ड्यात पडून" असं लिहून घ्या. नुसतं "पडला" लिहिलं की पुढे भांडायला जागा राहत नाही.

प्रश्न : शिरपूरकडून लिहितोय. शेतात लोंबणारी विजेची तार तुटून मुलाचा हात भाजला. वीज कंपनीवाले म्हणतात वारा होता, आमचा काय दोष.

उत्तर : भाऊ, वाऱ्याचं कारण सांगून कंपनीला सुटता येत नाही. २००२ साली शैल कुमारी प्रकरणात सुप्रीम कोर्टापुढे असंच होतं, रात्री रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवरून सायकलवाला गेला आणि मेला, वीज मंडळ म्हणालं दुसऱ्या कोणीतरी वीज चोरायला तार टाकली होती. कोर्टाने ते ऐकलं नाही, इतकी धोक्याची वस्तू जो चालवतो त्याने जबाबदारी घ्यायची, निष्काळजीपणा सिद्ध करायची पण गरज नाही. तुम्ही पोलिसांत नोंद करा, विद्युत निरीक्षकाला लेखी कळवून पाहणी करायला लावा, आणि त्या तारेबद्दल आधी कधी तक्रार दिली असेल, व्हॉट्सअॅपवर लाईनमनला टाकलेला फोटो का असेना, तो जपून ठेवा. तुटलेल्या तारेचा तुकडा कंपनीचे लोक दुरुस्ती करताना घेऊन जातात, त्याआधी पंचनामा व्हायला पाहिजे. तो झाला नसेल तर शेजारच्या शेतातल्या दोघांचे जबाब आजच लिहून, सह्या घेऊन ठेवा.