त्यांच्याकडे काहीतरी माग

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुरानंतर ज्या गावाशी तुम्ही मैत्री जोडलीत, तिथून आता नुसत्या मागण्यांच्या याद्या येतात. तुझ्या गावातले लोक ‘यातून आपल्याला काय मिळालं?’ असं तोंडावर विचारायला लागलेत. बैठकीला येणारी मुलं गळत चाललीत. आणि यावर उपाय म्हणून तू संस्था नोंदवायला निघाली आहेस.

नोंदव हवी तर. हे दुखणं त्याने बरं होणार नाही. तुम्ही काय काय दिलंत ते पत्रात ओळीने आलंय: छपरांचे पत्रे, वह्या-दप्तरं, आरोग्य शिबिर, विहिरींचा उपसा. त्या गावाकडून काय घेतलंत, त्याची एक ओळ नाही. कधी काही मागितलंच नाहीत, हो ना? मग याद्या येणार नाहीत तर काय येणार? तुम्ही देणारे म्हणून गेलात, ते घेणारे म्हणून उभे राहिले. दुसरी कुठली जागा तुम्ही त्यांना ठेवलीच नाहीत.

त्यांच्याकडे काहीतरी माग. बाकी सगळं नंतर.

तो प्रश्न विचारणाऱ्यांना तू स्वार्थी म्हटलंस, ते मला आवडलं नाही. ऐन कामाचे दिवस सोडून, पदरमोड करून जी माणसं एवढ्या लांब चिखल उपसायला गेली, ती स्वार्थी कशी? त्यांना एवढंच जाणून घ्यायचंय की तिकडे आपली आठवण आहे का, उद्या आपल्यावर वेळ आली तर तिथून कोणी धावून येईल का. याचं उत्तर तू भाषणाने देऊ शकणार नाहीस. तिथून माणूसच यायला हवा.

‘पण त्यांच्याकडे आहेच काय?’ असं मनात आलं असेल तर तिथेच थांब. १८४७ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगाने पडलेल्या दुष्काळात माणसं भुकेने मरत होती. तेव्हा अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींनी आपसांत वर्गणी करून १७० डॉलर पाठवले. हे चॉक्टॉ कोण? अमेरिकी सरकारने १८३१ पासून ज्यांना मिसिसिपीतल्या त्यांच्या भूमीवरून हुसकून पश्चिमेकडे हाकललं होतं आणि ज्यांची हजारो माणसं त्या वाटेवर मेली होती, ते. ‘तुमचंच एवढं हलाखीचं आहे, तुम्ही नका देऊ’ असं त्यांना कोणी सांगितलं असतं, तर ऐकायला ते किती समजूतदार वाटलं असतं! आयर्लंड ते १७० डॉलर विसरला नाही. २०१७ साली तिथल्या मिडलटन गावात त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिल्पाचं अनावरण झालं. २०२० च्या साथीत अमेरिकेतल्याच नवाहो आणि होपी आदिवासींसाठी मदत गोळा होत होती, तेव्हा आयर्लंडमधल्या असंख्य साध्या माणसांनी चॉक्टॉंची आठवण काढून पैसे पाठवले. जे लोक आपल्याला काही देऊ शकणार नाहीत असं तू आज धरून चालली आहेस, त्यांच्याबद्दल हे एकदा विचारात घे.

मागायचं म्हणजे जे देतील ते घ्यायचंही असतं, सोयीचं असो वा नसो. केनियातल्या एनूसाएन या मसाई गावाने २००२ साली अमेरिकेला १४ गाई भेट दिल्या. गावचा एक मुलगा तिकडे शिकत होता, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या दिवशी तो न्यूयॉर्कमध्ये होता, त्याने परत येऊन जे सांगितलं ते ऐकून. दूतावासाचा अधिकारी स्वतः गावात जाऊन गाई स्वीकारून आला. आता त्या समुद्रापार न्यायच्या कशा? विकून त्या पैशांत मसाईंच्या हातचं मणीकाम घ्यावं, असाही विचार झाला. शेवटी गाई गावातच मसाईंच्या राखणीत राहिल्या आणि पुढे अमेरिकेने तिथल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या दिल्या. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाने एका गावाच्या गाई नाकारल्या नाहीत. आणि तुम्ही सगळे मिळून एका गावाला ‘तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणता!

हे वाक्य मी ऐकलेलं आहे, म्हणून एवढी चिडते. माझ्या उमेदवारीच्या काळात आमच्या समितीने जोडलेल्या एका लांबच्या गावातली बाई बैठकीत उठून म्हणाली, ‘तुमच्याकडे काही काम असेल तर आम्ही येऊ का?’ अध्यक्षांनी हात जोडून तिला हेच सांगितलं. ती खाली बसली. नंतरच्या कुठल्याही बैठकीत ती बोलल्याचं मला आठवत नाही. पुढे निधी आटला, आमच्यातली माणसं पांगली, आणि ते नातंही वाळून गेलं. मी तिथे सगळ्यात नवी होते, माझं कोणी ऐकलं नसतं. तरी ती बाई कशी खाली बसली ते डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून मी हटून बसते. ज्या गावाकडून काही घेतलं नाही, तिथे दुसऱ्यांदा काही घेऊन जायचं नाही. यावरून मला दगडाच्या काळजाची म्हणाले, गरिबांकडून वसुली करते म्हणाले. म्हणोत. पुढच्या एका गावाशी जुळलं, तेव्हा आमच्या उतारावरचे बांध दर पावसाळ्यात फुटत होते आणि त्यांच्याकडे दगड रचणारे जुने हात होते. आम्ही माणूस मागितला. एक म्हातारा गवंडी आला. दगड उचलायचा, हातोडीने टिचकी मारायची, आवाज बद्द आला की बाजूला टाकायचा. आमच्या पोरांनी घाईने रचलेला थर त्याने न बोलता पायाने ढकलून पाडला आणि पुन्हा रचायला लावला. ती पोरं त्याच्यावर चिडली, मग त्याच्यामागे फिरायला लागली. तो परत गेल्यावर त्याच्या नातवाचं आजारपण कळलं, तेव्हा मदत पाठवायची का यावर बैठक घ्यावी लागली नाही. पोरं निघालीसुद्धा. समिती कधीच मोडली, पण त्या घरांची एकमेकांकडे येजा अजून चालू आहे. मी हट्टी नसते तर हे झालं नसतं, असं मी आजही म्हणते.

एक मात्र सांभाळ. त्यांना बरं वाटावं म्हणून खोटीच मागणी करू नकोस. माणसांना ते लगेच कळतं आणि तो अपमान मदतीच्या ओझ्याहून जड असतो. वस्तू आणि पैसा मागू नकोस. तुमचं खरोखर अडलंय ते माग. तुमच्या दोन वाड्यांचं पाण्यावरून जे भांडण तू लिहिलंयस, त्यात मध्यस्थी करायला तिथलं कोणी जाणतं माणूस का बोलावत नाहीस? ते ना तुमच्या नात्यातले, ना गोत्यातले. त्यांचं दोन्हीकडचे ऐकतील. आणि ते आले की शाळेच्या खोलीत नाही, घरोघरी उतरव. फोन नंबर घरांनी घरांना द्यावेत, सगळं तुझ्यामार्फत नको. तू उद्या शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडशील.

गळालेल्या मुलांच्या मागे धावू नकोस. काम खरं झालं की त्यातली निम्मी परत येतील.

रविवारच्या बैठकीत नोंदणीचा विषय पहिला ठेवलायस, तो खाली घे. पहिला विषय: आपलं काय अडलंय, आणि त्यातलं त्या गावाकडे काय मागायचं. ठरलं की त्याच संध्याकाळी तिथल्या सरपंचांना नाही, त्या याद्या लिहिणाऱ्या मुलीला फोन कर. तिला मागायची सवय लागली आहे, तिच्याकडे कोणीतरी मागू दे. ती काय म्हणाली ते मला शब्दन्‌शब्द कळव. नाही म्हणाली तरी कळव.

तुझी,
मावशी