1971 मध्ये ढाक्याजवळ कत्तल झाली त्याच दिवशी आपण कसोटी खेळत होतो, हे खरं आहे का? खेळाडूंना काहीच कसं वाटलं नाही?

खरं आहे. 2 एप्रिल 1971, शुक्रवार. बार्बाडोसमधल्या ब्रिजटाऊनला वेस्ट इंडीजविरुद्धच्या चौथ्या कसोटीचा दुसरा दिवस आणि ढाक्याच्या बुडीगंगा नदीपलीकडे जिंजिऱ्याला पाकिस्तानी लष्कराने केलेली कत्तल, दोन्हींची तारीख एकच. पण तुम्ही प्रश्न चुकीच्या माणसांना विचारताय. याच विषयावरून आमच्या घरात चांगलंच वाजलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांची त्या दौऱ्याच्या कात्रणांची फाईल होती. गावसकरच्या 774 धावा, पोर्ट ऑफ स्पेनचा विजय, सगळं खळीने चिकटवलेलं. बाबांचा जीव मात्र सरदेसाईवर. ब्रिजटाऊनला वेस्ट इंडीजने 5 बाद 501 वर डाव सोडला, त्यात सोबर्स नाबाद 178. मग आपले 6 बाद 70. तिथून सरदेसाई आणि सोलकरने सातव्या विकेटसाठी 186 जोडल्या. सरदेसाई 150, सोलकर 65. आमच्याकडे हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असायचे.

बाबा गेल्यावर मी ती फाईल स्कॅन करायला घेतली. खळ वाळून पापुद्रे निघत होते, कात्रणं आपसूक सुटून हातात येत होती. त्या भागीदारीचं कात्रण उलटलं तर मागे पूर्व बंगालची बातमी. कात्री क्रिकेटच्या मापाने चाललेली, त्यामुळे मागची एकही ओळ पुरी नाही. 'ढाका' आणि 'निर्वासित' एवढे शब्द तेवढे शाबूत. मी दोन्ही बाजू स्कॅन करून घरच्या ग्रुपवर टाकल्या आणि खाली जिंजिऱ्याबद्दल थोडं लिहिलं. 25 मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कराची कारवाई सुरू झाल्यावर हजारो लोक नदी ओलांडून जिंजिरा, कालिंदी, शुभाड्या या भागात आसऱ्याला गेले होते. सैन्याने रातोरात वेढा घातला, पहाटे मिटफर्ड हॉस्पिटलजवळच्या मशिदीवरून फ्लेअर उडवून इशारा दिला आणि दुपारपर्यंत माणसं टिपली. मेलेल्यांचा अंदाज हजाराच्या वर आहे.

यावर माझ्या थोरल्या चुलतभावाचं, दादाचं, ग्रुपवर लांबलचक उत्तर आलं. "काकांच्या आठवणीत हे कशाला कालवतेस? खेळ खेळाच्या जागी, युद्ध युद्धाच्या जागी. आणि तुला क्रिकेटमधलं कळतं काय?" पहिल्या दोन वाक्यांचं मला काही वाटलं नाही. तिसऱ्याने डोकं फिरलं. आत्याने मध्येच गुड मॉर्निंगचं फूल टाकून विषय बदलायचा प्रयत्न केला, पण तोवर मी लिहायला लागले होते.

ढाका बार्बाडोसच्या दहा तास पुढे. ब्रिजटाऊनला शुक्रवारचा खेळ सुरू झाला तेव्हा जिंजिऱ्यात सगळं उरकलेलं होतं, पण ते बार्बाडोसला कळणार कसं? परदेशी पत्रकारांना 26 मार्चलाच ढाक्यात गोळा करून देशाबाहेर काढलं होतं. सायमन ड्रिंग लपून राहिला म्हणून 30 मार्चला लंडनच्या डेली टेलिग्राफमध्ये बातमी तरी आली. 31 मार्चला आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या लोकांच्या बाजूने ठराव केला. म्हणजे ढाक्यात काहीतरी भयंकर चाललंय हे माहीत होतं, जिंजिरा माहीत नव्हतं. वाडेकरच्या संघाने सामना सोडून दिला असता तर कोणाचा जीव वाचला असता? उगाच त्यांना लाज कसली विचारायची?

विचारायचंच तर एजबॅस्टनचं विचारा. 3 जूनला पाकिस्तान तिथे इंग्लंडविरुद्ध उतरला. 7 बाद 608, झहीर अब्बास 274. कसोटी 8 तारखेला संपली. 13 जूनला संडे टाइम्समध्ये अँथनी मस्करेन्हसचा लेख आला (हा जन्माने आपल्या बेळगावचा, पत्रकारिता कराचीत), आणि नरसंहार हा शब्द जगापुढे ठळक अक्षरांत छापला गेला. त्याच 13 जूनला सैदपूरजवळ गोलाहाटला, भारतात पोचवतो असं सांगून मारवाडी कुटुंबांना रेल्वेत बसवलं आणि गाडी थांबवून कापून काढलं. चारशेहून जास्त माणसं. 17 जूनला लॉर्ड्सची कसोटी ठरल्याप्रमाणे सुरू झाली. याला अज्ञान म्हणत नाहीत. आणि हे तेच इंग्लंड, ज्याने वर्षभर आधी, 1970 मध्ये, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा दौरा सरकारच्या सांगण्यावरून रद्द केला होता. म्हणजे ठरवलं की खेळ थांबवता येतो, दादा.

ढाक्यातल्या खेळाडूंना तर 'खेळ वेगळा' म्हणायची सोयच नव्हती. 1 मार्चला ढाका स्टेडियमवर इंटरनॅशनल इलेव्हनविरुद्धचा सामना चालू असताना पाकिस्तानचा लष्करी अध्यक्ष याह्या खानने राष्ट्रीय सभेचं अधिवेशन पुढे ढकलल्याचं रेडिओवर आलं, प्रेक्षक उठले, सामना तिथेच मोडला. त्या सामन्यात अठरा वर्षांचा रकीबुल हसन बॅटवर 'जय बांगला'चा स्टिकर लावून उतरला होता. जुएल नावाचा सलामीचा फलंदाज ढाक्यातल्या क्रॅक प्लाटून या गनिमी तुकडीत गेला, ऑगस्टअखेर पकडला गेला आणि परत आलाच नाही. आज ढाक्यातल्या मीरपूरच्या स्टेडियमात त्याच्या नावाचा स्टँड आहे. फुटबॉलवाल्यांनी तर 'स्वाधीन बांगला' संघ काढून भारतभर सामने खेळले आणि मुक्तिलढ्यासाठी पैसे उभे केले. जुलैत पश्चिम बंगालातल्या कृष्णनगरला त्यांनी मैदानावर बांगलादेशचा झेंडा फडकवला, तेव्हा आपण त्या देशाला मान्यताही दिली नव्हती. त्यापायी नदिया जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांवर निलंबनाची वेळ आली. हा संघ मुंबईलाही आला होता आणि समोर महाराष्ट्राकडून उतरले होते पतौडी. हो, क्रिकेटवाले पतौडी, जे त्या वर्षी वेस्ट इंडीजला गेले नव्हते.

दोन गोष्टी राहिल्या. झहीर तेव्हा तेवीस वर्षांचा होता. त्याने एकट्याने नकार द्यायला हवा होता असं मी म्हणत नाही, दौरा चालू ठेवणाऱ्या बोर्डांबद्दल बोलतेय. आणि त्या वर्षी पूर्व बंगालमध्ये बिहारी म्हणजे उर्दू बोलणारे मुसलमानही जमावाने मारले, हेही सांगायला हवं.

तुम्हाला सल्ला एवढाच, की कोणी 'खेळात राजकारण नको' म्हणालं तर त्याला आधी 1970 आणि 1971 ची तुलना करायला सांगा. आमच्या दादाने अजून केलेली नाही. आणि दादा, क्रिकेट मला कळत नाही म्हणतोस ना, मग तुझा तो मेसेज पुन्हा वाच: सातव्या विकेटची भागीदारी तू 168 लिहिली आहेस.