वय 38, मुंबईत नोकरी, घरखर्च महिना 60 हजार. 50व्या वर्षी निवृत्त व्हायचं तर किती पैसे लागतील?

आजचे 60 हजार धरून चालू नका. महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट होतो, म्हणजे महिना 1 लाख 20 हजार, वर्षाला 14 लाख 40 हजार. पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत, म्हणून मी वार्षिक खर्चाच्या किमान तीसपट धरेन: साधारण 4 कोटी 30 लाख. मुलांचं शिक्षण यात नाही.

राहता फ्लॅट यात अजिबात मोजू नका. मुलुंडचा टू बीएचके कागदावर कितीही कोटींचा असो, तो विकून नाशिकला जायची खरंच तयारी नसेल तर त्यातून किराणा येत नाही, उलट सोसायटीचा मेंटेनन्स जातो.

खरी अडचण 50 ते 60 या दहा वर्षांची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारणपणे साठीनंतरच मिळते, एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) पैसाही मुख्यतः तेव्हासाठीच. त्यामुळे मधल्या काळासाठी हाताशी येणारा पैसा वेगळा उभा करा. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं आजच उघडा, 15 वर्षांची मुदत आहे, म्हणजे तुमच्या 53-54व्या वर्षी मोकळं होईल. बाकी इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे लावणारा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, आणि पगार वाढला की तीही वाढवायची. निवृत्तीला तीन वर्षं राहिली की दोन-तीन वर्षांचा खर्च एफडीत हलवा.

आणि कृपा करून स्वतःच्या नावावर आरोग्य विमा आत्ताच घ्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि आधीच्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.